व्हायवाला (तोंडी परीक्षेला) आडनावाच्या इंग्रजी अक्षरक्रमाने बोलावणं न्याय्य आहे का? आमच्या नागपूरच्या कॉलेजात वानखेडे, वासनिक दरवेळी शेवटीच असतात.

नाही. हजेरीची यादी अक्षरक्रमाने असू द्या, नाव पटकन सापडतं. पण पाळी त्या क्रमाने लावू नये. एप्रिलमधल्या नागपुरात चार वाजेपर्यंत परीक्षकही थकतो आणि सकाळपासून बाकावर बसलेलं पोरही, आणि तो तोटा दरवेळी त्याच मुलांना होतो. यादी उलटी फिरवणं हा उपाय नव्हे: साठ जणांत तिसावा उलट्या क्रमात एकतिसावा येतो, मधले मधेच राहतात. देवनागरी क्रम लावला तर ठाकरे शेवटून मध्यावर येतात, पण सहारे वानखेड्यांच्याही मागे जातात. म्हणजे फक्त माणसं बदलली. सुरुवात सरकवा. साठ मुलं, चार व्हायवा असतील तर पहिली रोल नंबर 1 पासून, मग 16, 31 आणि 46 पासून. शेवटानंतर पुन्हा 1 वरून पुढे. 58 नंबरची पाळी मग 58, 43, 28, 13 अशी येते. व्हायवा एकच असेल तर सुरुवातीचा नंबर सगळ्यांसमोर चिठ्ठी टाकून काढा. एक उणीव मात्र उरते: शेजारी तेच राहतात. हुशार मुलाच्या लगेच मागे येणाऱ्याची तुलना टाळायची असेल, तर साठही चिठ्ठ्या काढाव्या लागतील.