नोकरी सांभाळून महसूल अर्हता परीक्षेचा अभ्यास कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की तहसील कार्यालयात महसूल सहायक आहात, महसूल अर्हता परीक्षेत (बढतीसाठीच्या खातेअंतर्गत परीक्षेत) एकदा नापास झालात, कलमं पाठ होतात पण पेपरात उत्तर सुचत नाही आणि संध्याकाळी सातच्या आत टेबल सुटत नाही. मीही पहिल्या प्रयत्नात नापास झालो होतो. वेळ कमी पडला अशी मी तेव्हा स्वतःची समजूत घातली, पण खरं कारण ते नव्हतं. गाईडमधून जमीन महसूल संहितेची कलमं मी ओळीनं घोकली होती. पेपरात एक प्रकरण देऊन ‘तहसीलदार म्हणून काय कार्यवाही कराल?’ असं विचारलं होतं, आणि तिथं हात थांबला.

दुसऱ्या वेळी मी आधी संचिका (प्रकरणाची फाईल) आणि मग कलम असा क्रम लावला. टेबलावर आलेल्या अर्जात नेमकं काय मागितलंय, ते कोणत्या कलमाखाली बसतं, निर्णय कोण देणार आणि त्यावर अपील कुठं, हे घरी जाण्याआधी वहीत चार ओळींत लिहायचं. संचिकेतली नावं, गट नंबर काहीही उतरवायचं नाही, फक्त मुद्दा.

रस्त्याचे अर्ज घ्या. ‘शेतात जायला रस्ता मिळावा’ असं सगळेच लिहितात. पण रस्ता मुळातच नसेल आणि दुसऱ्यांच्या बांधावरून नव्यानं हवा असेल, तर संहितेचं कलम १४३. तिथं शेतकऱ्याला शेतात जाण्यायेण्याची वाजवी सोय आहे का, हे बघून तहसीलदार ठरवतात. वहिवाटीचा रस्ता होता आणि शेजाऱ्यानं तो अडवला, तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५. आणि तिथं अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत दावा यावा लागतो. म्हणून अशा प्रकरणात पहिला प्रश्न एकच: रस्ता आधी होता का, आणि असेल तर अडवला कधी? हे एकदा संचिकेत दिसलं की दोन्ही कायदे पुन्हा पाठ करावे लागत नाहीत. स्थळपाहणी आणि पंचनामा कशासाठी करतात, तेही तिथंच उमगतं.

फेरफाराचंही, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीचंही तसंच. संहितेच्या कलम १५० खाली नोटीस निघते, हरकत आली की नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६अ मध्ये जाते. निर्णय मान्य नसेल तर कलम २४७ खाली अपील. तहसीलदार किंवा मंडळ अधिकाऱ्यांच्या आदेशावर मुदत ६० दिवस, आणि उशीर झाला तर माफीसाठी कलम २५१. कलम १५५ मात्र लेखनप्रमादापुरतंच, म्हणजे लिहिण्यातल्या चुकीपुरतंच आहे. हक्काचाच वाद असताना १५५ लावून सातबारा दुरुस्त करता येत नाही. परीक्षेपुरतं सोडा, पुढं खुर्चीवर बसल्यावर हा फरक चुकला तर एखाद्याची जमीन कागदावरून जाते. म्हणून यावर मी इतका जोर देतोय.

सेवा नियमांच्या पेपरासाठी स्वतःचं सेवापुस्तक मागून घ्या. १ जानेवारी आणि १ जुलैला १५-१५ दिवस अर्जित रजा, १०-१० दिवस अर्धवेतनी रजा कशी जमा झाली ते तुमच्याच रजेच्या हिशेबात दिसेल. ते समोर ठेवून रजा नियम १९८१ वाचा. शिस्त व अपील नियम १९७९ मधले चार नियम पक्के करा: निलंबन ४, शिक्षांचे प्रकार ५, मोठ्या शिक्षेची कार्यपद्धती ८, किरकोळ शिक्षेची १०.

जुनी गाईडं वापरत असाल तर जपून. १ जुलै २०२४ पासून दंड प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. कार्यकारी दंडाधिकाऱ्यांची कलमं त्यामुळं बदलली: १०७ चं १२६, १४४ चं १६३, १४५ चं १६४.

वेळेबद्दल सांगायचं तर रात्री थकून दोन तास वाचण्यापेक्षा मला पहाटेचा पाऊण तास उपयोगी पडला. त्यातला निम्मा वेळ हातानं लिहिण्याचा. आपण दिवसभर टायपिंग करतो, तीन तास पेन चालवायची सवय मोडलेली असते. उत्तर आदेशासारखं लिहा: अर्जदाराचं म्हणणं, सामनेवाल्याचं म्हणणं, मुद्दे, कारणं, आदेश. कारणं दोनच असली तरी चालतील, पण ती त्या प्रकरणातली असावीत. पुस्तकांसह असलेल्या पेपरालाही हे लागू आहे; कलम कुठं आहे हे माहीत नसेल तर पानं चाळण्यातच तास जातो.

कार्यालयातल्या जुन्या अव्वल कारकुनांकडं त्यांनी तयार केलेले चांगले आदेश वाचायला मागा. मला एकांनी तीन दिले होते. दुसऱ्या प्रयत्नात पास झालो त्यात त्या तीन आदेशांचा वाटा गाईडपेक्षा मोठा होता.