मशीन कुठे ठेवणार?

प्रश्न : काकू, नमस्कार. आम्ही जेल रोडला राहतो. सासऱ्यांनी प्रेसमध्ये नोकरी करता करता बांधलेलं बैठं घर आहे, ते गेल्यावर सासूबाईंच्या नावावर झालं. यांची कंपनी सातपूरला आहे. पहिल्या शिफ्टला पहाटे साडेपाचला उठून पळतात, दुसऱ्या शिफ्टला घरी यायला रात्रीचा पाऊण वाजतो. मधे द्वारका. तिथे रोज अडकायचं आणि घरी येऊन आमच्यावर चिडायचं, असं चाललंय. आता त्यांनी गंगापूर रोडला चौथ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट बघून ठेवलाय. भाडं १८ हजार. आमचं घर दिलं तर १० हजार तरी येतील, असं एजंट म्हणाला. यांना दिवाळीच्या सुट्टीतच हलायचंय. मोठा दहावीत आहे, धाकटी चौथीत. सासूबाई ७४ वर्षांच्या. त्यांचं गुरुवारचं भजन, एकादशीला मुक्तिधाम, सगळं इकडेच. त्या म्हणतात, "मला न्यायचं तर खाटेसकट उचलून न्या." माझं घरी थोडंफार पिको-फॉलचं काम चालतं, महिन्याला सात-आठ हजार सुटतात, पण ते काय कुठेही होईल. मुलांच्या शाळेचं आणि सासूबाईंचं कसं करू? आणि घर भाड्याने देताना काय बघायचं?

— एक वाचक, जेल रोड, नाशिक रोड

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. नवऱ्याची शिफ्ट आहे, पोराची दहावी आहे, पोरीची शाळा आहे, सासूबाईंचं भजन आहे. आणि तू? तू शेवटून तिसऱ्या वाक्यात आहेस, तीही "ते काय कुठेही होईल" म्हणून. नाही होणार गं कुठेही. जेल रोडला बाया भाजी आणता आणता पिशवीतली साडी तुझ्या दारात टाकून जातात, उद्या येते म्हणतात आणि परवा येतात. गंगापूर रोडच्या त्या सोसायटीत आधी गेटवर वॉचमन वहीत नाव लिहायला लावणार, मग लिफ्ट, मग चौथा मजला. एका फॉलसाठी एवढं कोण करतं? शिवाय तिथल्या बायकांचा दुकानात साडी घेतानाच फॉल लावून होतो.

आता हिशेब मांडू. फ्लॅटचे १८ हजार जाणार, घराचे १० येणार, म्हणजे ८ खिशातून. तुझं काम बंद पडलं की तुझेही ८ गेले. झाला महिन्याला १६ हजारांचा खड्डा, आणि सोसायटीचा मेन्टेनन्स तुमच्या गळ्यात असेल तर तो वेगळा. बदल्यात काय मिळणार? जेल रोड ते सातपूर जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर, पेट्रोलचे पंधराशे-अठराशे वाचतील. नवऱ्याचा दिवसाचा दीड तास वाचेल, तो मी कमी धरत नाही. द्वारकेला उन्हात उभं राहिलेला माणूस घरी येऊन हसत नाही, हे मी चांगलंच बघितलंय. पण तेवढ्यासाठी गंगापूर रोडच कशाला? खरं सांगू का, मला वाटतं त्याला सातपूरजवळ राहायचंय की 'गंगापूर रोडला राहतो' असं सांगायचंय, हे त्याचं त्यालाही नीट ठाऊक नाही. हे वाक्य त्याला वाचून दाखवू नकोस.

मी म्हणेन, सिडकोत बघा. पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक या पट्ट्यात तळमजल्याचं घर. सातपूरची एमआयडीसी तिथून चार-पाच किलोमीटर, द्वारका नाही की मुंबई नाका नाही. गल्ल्या अरुंद आहेत, घरं एकमेकांना खेटून आहेत, मूळच्या बैठ्या घरांवर लोकांनी दोन-दोन मजले चढवल्यामुळे काही खोल्यांत दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो. हे सगळं मान्य. पण रस्त्याला लागून खिडकी असलेली पुढची खोली मिळाली की तिथे मशीन ठेव आणि 'पिको-फॉल करून मिळेल' अशी पाटी लाव. पंधरा दिवसांत पहिली साडी येईल. त्या भागात ब्लाउज शिवणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, त्यातल्या दोघी-तिघींना भेटून ठेव, पिकोचं काम त्या बाहेरच देतात. घर बघायला जाशील तेव्हा आधी मशीन कुठे बसेल ते बघ, मग स्वयंपाकघर.

हे मी ऐकीव सांगत नाही. १९९१ साली आम्हीही नाशिक रोडहूनच सिडकोत आलो, मॅटाडोरच्या दोन खेपांत. आमच्या ह्यांची कंपनी अंबडची. माझ्या सासूबाई तुझ्या सासूबाईंसारख्याच, खाटेवरून हलायला तयार नव्हत्या. आमचं नाशिक रोडचं घर रुळांपासून जवळ, त्यामुळे त्यांचं घड्याळ म्हणजे गाड्या. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस मुंबईला गेली की देवपूजा. सिडकोत आल्यावर भिंतीवर घड्याळ होतं, ते त्यांना वाचताही यायचं, तरी रोज मला विचारायच्या, "पंचवटी गेली का गं?" मी म्हणायची, गेली. त्यावर गप्प बसायच्या. चार-पाच महिने हे चाललं. मला वाटायचं, देवळात नेलं, शेजारणींशी ओळख करून दिली की जीव रमेल. मी नेऊन नेऊन थकले. मग पावसाळ्यानंतर एक दिवस ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनीच आत हाक मारली, "चहा टाक, साडेतीन झाले." घड्याळ आतल्या खोलीत, यांना कसं कळलं? अंबडची पहिली शिफ्ट सुटून सायकली गल्लीत शिरायला लागल्या होत्या. त्यानंतर पंचवटीचं नाव निघालं नाही.

म्हणून तळमजला आणि ओटा म्हणते. चौथ्या मजल्यावरून सायकली दिसल्या तरी माणसं ओळखू येत नाहीत. भजनाचं म्हणशील तर ते तोडू नकोस. गुरुवारी त्यांना जेल रोडला जाऊ दे, सिटीलिंकच्या कोणत्या बसने जायचं-यायचं ते आधी एकदा सोबत जाऊन बघ. भजनाची वेळ बसच्या वेळेला जुळत नसेल तर मंडळातल्या बायकांना सांग, त्या वेळ बदलतील. म्हाताऱ्या बायकांचं मंडळ असतं, ते सदस्य सहजासहजी सोडत नाही. कधी एका रात्रीचा मुक्काम मंडळातल्या मैत्रिणीकडे झाला तरी बिघडत नाही.

दिवाळीत मात्र हलू नका. दहावीच्या वर्षी पोराच्या टेबलाची जागाही बदलू नये, तिथे तुम्ही उपनगरच बदलायला निघालात. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. शेवटचा पेपर झाला की एप्रिलमध्ये हला. तुझं नशीब चांगलं आहे, दोन्ही मुलं एकाच वर्षी सांध्यावर येताहेत. मोठ्याला अकरावीला कॉलेज बदलायचंच आहे. तो प्रवेश आता ऑनलाइन असतो, पसंतीक्रम भरताना नव्या घराजवळची कॉलेजं वर टाकायची. धाकटीची चौथी संपते, आणि आपल्याकडे कितीतरी शाळा अजून चौथीपर्यंतच्या नि पाचवीपासूनच्या अशा वेगळ्या आहेत, त्यामुळे पाचवीत नवी मुलं येणं नेहमीचंच. वर्गात ती एकटी नवी नसेल.

धाकटीच्या दाखल्याबद्दल एक सांगते, कारण माझ्या भाचीला यात फार त्रास झाला. शाळा म्हणाली, दाखला महिन्याने मिळेल. नवी शाळा म्हणाली, दाखल्याशिवाय प्रवेश नाही. पोरगी पंधरा दिवस घरी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम ५ वाच. मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही की लांबवता येत नाही. हा कायदा आठवीपर्यंतच्या मुलांना लागू आहे. तोंडी मागू नकोस, अर्ज देऊन पोच घे. आणि दाखला हातात पडला की तिथेच उभं राहून वाच. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, जातीची नोंद. शाळा सुटल्यावर यातलं एक अक्षर दुरुस्त करायचं म्हणजे चपला झिजतात.

आता घर भाड्याने देण्याचं. इथे तू दोन्ही बाजूंना आहेस, जेल रोडला मालकाकडून आणि सिडकोत भाडेकरू, म्हणून नीट ऐक. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असावा लागतो आणि त्याची नोंदणी सक्तीची आहे, तो अकरा महिन्यांचा असला तरी. 'अकरा महिन्यांचा आहे, नोटरी केली की झालं' असं एजंट सांगतात, ते चूक. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ आहे. नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि ती नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, खोटं ठरवायचं तर पुरावा मालकाने आणायचा. म्हणजे जेल रोडच्या घराची नोंदणी तुम्हीच करून घ्यायची आणि सिडकोच्या मालकाच्या मागे तूच लागायचं. घरबसल्या आधार आणि अंगठ्यावर होते. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, ती सगळ्या मुदतीचं भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर. शहरात नोंदणीची फी १,००० रुपये. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवायची, तेही ऑनलाइन होतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. घर सासूबाईंच्या नावावर आहे, तर करारावर मालक म्हणून नाव त्यांचं आणि अंगठा त्यांचा. भाडं त्यांच्या खात्यात जमा होऊ दे, आणि सिडकोचं भाडं तुम्ही दोघं भरा. सिडकोत १०-११ हजारांत तळमजला मिळेल असं धरलं तर तुझ्या आणि त्याच्या कमाईत ते जड नाही. घरातून काढून नेलेली म्हातारी आणि आपलं घर भाड्याने देऊन लेकाकडे राहायला आलेली मालकीण, या दोघी एकाच सिडकोत एकसारख्या बसत नाहीत. त्या घरखर्चाला पैसे पुढे करतीलच. तेव्हा घे, पण त्यांनी दिले म्हणून घे. सासऱ्यांची फॅमिली पेन्शन येत असेल तर खातं लगेच हलवू नकोस. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला एकदा जुन्या शाखेत होऊ दे, खातं हलवायचं ते मग निवांत बघा.

सिडकोत घर बघायला जाशील ती एकदा सकाळी सहाला आणि एकदा रात्री नऊला जा. पाणी किती वाजता येतं नि किती वेळ टिकतं, हे एजंटला विचारू नकोस, समोरच्या घरातल्या बाईला विचार. ती खरं सांगते, आणि पुढे तीच तुझी पहिली गिऱ्हाईक होते. रात्री गल्लीत दुचाक्या कशा लागतात ते बघ, यांना पहाटे गाडी काढायचीय. सामानाला छोटा हत्तीच सांग, मोठा टेम्पो त्या गल्ल्यांत वळत नाही. मग हमाल कोपऱ्यापासून कपाट उचलायचे वेगळे पैसे मागतात, आणि भर रस्त्यात कपाट उभं असताना माणूस देतो. गॅसची एजन्सी बदलायचा अर्ज आणि मतदार यादीसाठी नमुना ८ हे दोन्ही मोबाईलवरून होतं, त्याची काळजी नको.

राहिले एप्रिलपर्यंतचे सहा महिने. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात नवऱ्याने सातपूरला एखाद्या सोबत्याच्या खोलीवर झोपावं, दोन-तीन रात्री जरी थांबला तरी बघ. तो नाही म्हणेल. म्हणू दे, डबा दोन वेळचा भरून दे, आपसूक थांबेल.

प्रश्न : आम्ही मखमलाबादहून पाथर्डी फाट्याला राहायला जातोय. आमची मांजर सहा वर्षांची आहे. शेजारी म्हणतात, मांजर घराची असते, माणसांची नसते, सोडून जा. काय करू?

— पाचवी 'ब', मखमलाबाद

उत्तर : सोडून जाऊ नकोस. शेजाऱ्यांचं अर्धं खरं आहे. मांजर नव्या घरातून बाहेर पडली की जुनं घर शोधायला निघते, आणि मधे मुंबई-आग्रा हायवे आहे. म्हणून नेताना वेताच्या झाकणाच्या टोपलीत ने. नव्या घरात दोन-तीन आठवडे बाहेर सोडू नको, त्यातले पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेव, दार-खिडकी बंद. खोलीत तिची जुनी गोधडी टाक, न धुता. आई धुवायला मागेल, देऊ नकोस. वाटीही जुनीच. ती पलंगाखाली जाऊन बसेल आणि दोन दिवस जेवणार नाही, ओढून काढू नको. त्यानंतरही तोंड लावलं नाही तर डॉक्टरकडे ने. मग एके दिवशी स्वतः येऊन तुझ्या पुस्तकावर बसेल, बहुतेक गृहपाठाच्या वेळी.