एका हाती तलवार, दुसऱ्या हाती धर्मदंड: बिशप रुडॉल्फ फॉन शेरेनबर्ग

प्रश्न: जर्मनीतल्या वुर्झबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये (बिशपच्या मुख्य चर्चमध्ये) पंधराव्या शतकातला तिथला बिशप रुडॉल्फ याच्या समाधीवरच्या पुतळ्याच्या हातात तलवार आहे. बिशपला तलवार कशाला?

उत्तर: कारण तो प्रदेशाचा राज्यकर्ताही होता. धर्मप्रांताचा कारभार पोपच्या मान्यतेने चाले, तर जमीन, न्याय आणि जकात यांचे अधिकार पवित्र रोमन सम्राटाकडून मिळत. शिवाय वुर्झबुर्गचे बिशप स्वतःला फ्रँकोनिया या त्या भागाचे ड्यूकही म्हणवत. शिल्पकार टिलमान रीमेनश्नायडरने हा पुतळा १४९६ ते १४९९ या काळात घडवला. त्याचा चेहरा जवळून पाहाच. ओघळलेले गाल, खोल सुरकुत्या, मिटलेले ओठ. नव्वदी ओलांडलेला माणूस दगडात जसाच्या तसा उतरला आहे.

प्रश्न: सरदार घराण्यातला मुलगा बिशप कसा होई?

उत्तर: सगळ्या मुलांत जहागीर वाटली तर तिचे तुकडे पडत, म्हणून एखाद्याला लहानपणीच चर्चकडे पाठवत. आधी कॅथेड्रलच्या मंडळात, म्हणजे तिथल्या वरिष्ठ धर्मगुरूंच्या सभेत, जागा मिळवायची, आणि त्यासाठी पूर्वज कुलीन असल्याचा पुरावा लागे. हेच मंडळ बिशप निवडे. उमेदवार औरस आणि किमान तीस वर्षांचा असावा, असा ११७९ पासूनचा नियम होता. निवडीआधी मंडळ त्याच्याकडून लेखी अटी मान्य करून घेई. रुडॉल्फ १४६६ मध्ये निवडला गेला तेव्हा पासष्टीच्या आसपास होता. त्यानंतर त्याने एकोणतीस वर्षे राज्य केले!

प्रश्न: त्याचे खरे कर्तृत्व कोणते?

उत्तर: आमच्या मते, गहाण सोडवणे. योहान फॉन ब्रुन या उधळ्या बिशपने (१४११–१४४०) किल्ले आणि गावे गहाण टाकली होती. असे गहाण गळफासासारखे असे. व्याजाला धर्माची मनाई, म्हणून सावकार त्या गावाचा महसूलच खाई. वर्षे जात, मुद्दल मात्र तेवढेच राही, आणि ते एकरकमी फेडल्याशिवाय गाव परत मिळत नसे. म्हणजे उत्पन्न आधीच घटलेले आणि त्यातूनच मोठी रक्कम साठवायची! रुडॉल्फने काटकसरीने एकेक ठिकाण सोडवून घेतले. १४७९ मध्ये त्याने मुद्रक गेओर्ग रायझरकडून प्रार्थनाग्रंथही छापून घेतला, कारण हस्तलिखितांत पाठभेद फार माजले होते.

प्रश्न: मग हान्स ब्योमला त्याने का जाळले?

उत्तर: हा डाग पुसता येणार नाही. ब्योम हा निक्लासहाउझेन गावचा ढोलकी वाजवणारा मेंढपाळ. १४७६ मध्ये तो सांगू लागला की राने आणि पाणी सर्वांचे आहे, देणी देऊ नका, धर्मगुरूंनीही कष्टाची भाकर खावी. हजारो लोक यात्रेकरू म्हणून जमले. ज्या महसुलावर बिशपची सगळी घडी बसली होती, त्याच्याच मुळावर हा घाव होता. जुलैमध्ये रुडॉल्फच्या स्वारांनी त्याला रात्री उचलले. लोक मेणबत्त्या घेऊन बिशपच्या मारिएनबर्ग किल्ल्यावर चालून गेले, पण त्यांना पांगवण्यात आले. १९ जुलैला त्याला जाळले. तरीही यात्रेकरू थांबेनात, तेव्हा पुढच्या वर्षी माइन्झच्या आर्चबिशपने निक्लासहाउझेनचे चर्चच पाडायला लावले.