आजीच्या वालाचं बी

प्रिय पोरी,

तुझं पत्र आणि जपायला ठेवलेल्या २३ वाणांच्या बियांच्या बाटल्यांचा फोटो मिळाला. जीव हरखला. पण एक विचारते, भरण्याआधी बी दाताखाली धरून पाहिलंस का? कट्‌कन तुटलं तर वाळलंय. नुसतं दबलं तर अजून ओल आहे, झाकण लावू नकोस.

मी हे फार महागात शिकले. खोऱ्यातल्या एका आजीकडून तांबड्या ठिपक्यांचा वाल आणला होता, जेमतेम ओंजळभर. घाईघाईत अर्धओला प्लास्टिकच्या डब्यात कोंबला. आगोटीला डबा उघडला तर बुरशीचा भपकारा. तशीच आजीकडे धावले. ती म्हणाली, "तुझ्यापाशी हाय म्हणून मी उरलेला शिजवला गं." तो वाल मला पुन्हा कुठेच दिसला नाही.

तेव्हापासून मी कुणाचं सगळं बी घेत नाही. देणाऱ्याच्या घरी निम्मं राहिलंच पाहिजे आणि पुढच्या हंगामात त्यानं ते पेरलंच पाहिजे. आपल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात राहीबाई पोपेरेंनी गावठी वाण जपले, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडचं बी वाफ्यात उतरतं, म्हणून ते टिकलं.

बियांच्या मोठ्या बँकाही हव्यातच. नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये डोंगराच्या पोटात उणे १८ अंशांवर जगभरातलं बी ठेवलेलं आहे. युद्धामुळे सीरियातल्या अलेप्पोची बीजपेढी हाताबाहेर गेली, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली आपल्याच ठेवीतलं बी स्वालबार्डहून परत मागवलं, लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरून वाढवलं आणि २०१७ साली पुन्हा ठेवायला पाठवलं.

आणि कुठलंही वाण 'निरुपयोगी' म्हणून टाकू नकोस. भाताला खुजं, गवतासारखं करणारा विषाणू आशियात पसरला, तेव्हा फिलिपाईन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं सहा हजारांवर नमुने तपासले. रोगाला पुरून उरलं ते उत्तर प्रदेशातलं एक रानभात. कोण शिजवून खातं गं रानभात? पण ते कुणीतरी जपलं होतं.

आंबा-फणसाच्या बाटल्या मात्र रिकाम्या कर. ती बी वाळली की मरते, त्यांची बँक म्हणजे झाडच. बाकीचं बी सावलीत वाळव. दरवर्षी प्रत्येक वाणाच्या थोड्या बिया मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळ आणि आठवड्यानं किती मोडावल्या ते वहीत लिही. निम्म्याच उगवल्या तर ते वाण त्याच वर्षी पेरायला काढ. वहीत बी देणाऱ्याचं नाव, गाव, जमीन, पेरणीची वेळ हवी, शिवाय ते कसं शिजवतात हेही हवं. नुसतं 'वाल क्र. ७' लिहिलंस तर पुढच्यानं काय ओळखायचं?

मृगाआधी ये. बांधालगतचा वाफा तुझ्यासाठी मोकळा ठेवलाय. तुझ्या त्या काळ्या घेवड्याचं मूठभर बी आण. सगळं आणू नकोस.

तुझी,
मावशी