चित्रकलेच्या सरांना गुरुपौर्णिमेला हातानं बनवलेलं काय द्यावं?

तुमचा प्रश्न असा, की वर्गात २४ जण, हातात पंधरा दिवस, आणि सरांचं पोर्ट्रेट द्यावं की सगळ्यांची चित्रं एका वहीत चिकटवून द्यावीत?

पोर्ट्रेट नको. फोटोवरून काढलेलं तर मुळीच नको. सर 'वा' म्हणतील, पण नजर आधी कानाच्या जागेवर जाईल. वर्षभर तीच नजर तुमच्या शीट तपासत आलीय. चित्रं चिकटवलेली वही एकदा चाळून कपाटात जाते. द्यायचीच तर कोरी स्केचबुक द्या, स्वतः शिवलेली. नावं, सह्या, जे काय असेल ते शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात.

३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा), दाणेदार जलरंगाचा कागद घ्या. फुल इम्पिरियल शीट २२ × ३० इंचाची असते. तिचे ११ × १५ चे चार तुकडे होतात आणि प्रत्येकाची मधून घडी घातली की ७.५ × ११ चं पान मिळतं. पाच शीटमध्ये ४० पानं, म्हणजे ८० बाजू. शीटचे तुकडे कात्रीनं कापू नका. तुकडा करायचा तिथे घडी घालून, तिच्यावर ओला ब्रश फिरवून, पट्टी दाबून फाडा. कड सुंदर येते. पुण्याच्या हातकागद संस्थेचा किंवा दुसरा कुठलाही हातकागद घेणार असाल तर आधी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब लगेच शोषला गेला तर कागदाला सायझिंग (पाणी लगेच शोषू न देणारा लेप) नाही आणि वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, फुटणार. असा कागद फक्त कव्हरच्या आतल्या अस्तराला वापरा.

एका फॉर्म्यात, म्हणजे एकत्र शिवायच्या पानांच्या जुडीत, घडी घातलेले दोनच तुकडे एकात एक घाला. एवढ्या जाड कागदाचे चार घातले तर आतली पानं बाहेर सरकतात आणि घडीवर चीर पडते. म्हणजे दहा फॉर्मे. भोकं आतून, घडीच्या बरोबर रेषेत, आरीनं पाडा: वरून अर्ध्या इंचावर पहिलं, मग दर दोन इंचांवर एक, एकूण सहा. सगळ्या फॉर्म्यांना पुठ्ठ्याची एकच मापपट्टी लावा. अंदाजानं पाडलेली भोकं शिवताना सूड घेतात.

कण्याला, म्हणजे वहीच्या शिवलेल्या कडेला, डिंक, खळ, काहीही लावू नका. इथेच माझा एका मित्राशी जुना वाद आहे. आमच्या बॅचची वही त्याच्या हट्टानं कण्याला फेव्हिकॉल थापून बांधली होती, 'मजबूत होईल' म्हणून. पातळ केलेला फेव्हिकॉल फॉर्म्यांच्या फटींतून पाव इंच आत उतरला आणि वाळून कडक झाला. वही शंभर अंशांपलीकडे उघडेना. दोन पानांवर सलग निसर्गचित्र करायचं तर मधली पट्टी वाया. जोर लावून उघडली तर कागद चिकटलेल्या जागी सोलून निघाला. फेव्हिकॉल लाकडासाठी उत्तम आहे. तो म्हणतो, वही अजून टिकलीय. टिकणारच, उघडायला कोण जातंय?

कणा उघडा ठेवून साखळी टाक्यानं शिवा. सुई नव्या फॉर्म्याच्या भोकातून बाहेर काढायची, खालच्या टाक्यामागून फिरवायची आणि त्याच भोकातून परत आत घालायची. दोरा कण्याच्या दिशेनं ओढा. वर ओढलात तर घडी फाटते. जाड सुती दोरा मेणावर दोनदा घासून घ्या. एकूण चार मीटर लागतो, पण एकदम घेऊ नका, गुंतेल. दोन मीटर संपला की गाठ आतल्या बाजूला.

कव्हरला अडीच ते तीन मिलिमीटरचा पुठ्ठा, ७⅝ × ११¼ इंच. त्यावर कापड डकवायला खळ: ५० ग्रॅम मैदा, ३०० मिली पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर दहा मिनिटं ढवळत राहा, गाळा, वर लवंगतेलाचे चार थेंब. बायंडर किडीसाठी मोरचूद घालतात. तो विषारी आहे आणि पाण्याचे ब्रश तोंडात धरायची सवय बऱ्याच चित्रकारांना असते, तेव्हा नकोच. कापड लावलं की पुठ्ठा तिकडे वाकतो, कारण ओलं कापड वाळताना आक्रसतं. आतून अस्तराचा कागद त्याच दिवशी लावला की ओढ सारखी होते. मग पुठ्ठे कोऱ्या कागदांमध्ये घालून वजनाखाली. आषाढ आहे हे विसरू नका: खळ एका दिवसात वाळत नाही. पहिल्या दिवशी दर तीन तासांनी हे कागद बदला (वर्तमानपत्र नको, शाई उठते), आणि तीन दिवस हात लावू नका. अर्धवट ओली वही प्लास्टिकमध्ये गुंडाळलीत तर पौर्णिमेला सरांना बुरशी भेट द्याल. कव्हरची भोकं पुठ्ठा पूर्ण वाळल्यावरच.

हे सगळं सर जलरंगात काम करतात असं धरून लिहिलंय; ते तुम्ही सांगितलं नाहीत. तैलरंगाचे असतील तर वही सोडा, ब्रशची गुंडाळी शिवा: जाड कॅनव्हास कापड, २२ इंच उंच आणि २० इंच रुंद, खालून सहा इंच दुमडून एक-एक इंचावर शिलाई, चपट्या ब्रशसाठी तीन-चार कप्पे दीड इंचाचे. लांब दांड्याच्या ब्रशवर झाकायला वर तीन इंच उरतात. आणि कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात कप्पे आखडतात.