'मॉड्युलो'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आलाय की 'टर्म रीरायटिंग मॉड्युलो इक्वेशन्स'चं 'समीकरणं वगळून पदांचं पुनर्लेखन' असं केलं तर चालेल का. (टर्म रीरायटिंग म्हणजे क + ० सारख्या पदाच्या जागी ठरलेल्या नियमांनी दुसरं पद लिहीत जाणं.) माझ्या मते नाही चालणार, अर्थ पार उलटा होतो.

घोळ कुठे होतो तर गणितवाले बोलताना 'दोन-चार टायपो मॉड्युलो पेपर तयार आहे' असं म्हणतात, तिथे मॉड्युलो म्हणजे सरळ 'सोडून', आणि तोच अर्थ डोक्यात बसतो. मूळ शब्द लॅटिन, मोड्युलस म्हणजे छोटं माप आणि मॉड्युलो म्हणजे 'त्या मापाने'. गणितात तो आणला गाउसने, १८०१ च्या ग्रंथात. ७ च्या मापाने ३ आणि १० एकच. वगळला तो दोघांतला फरक, ७ नाही, तो तर सगळ्याचा आधार.

रीरायटिंगमध्ये पण हेच. नियम एकाच दिशेने चालतो, क्ष + ० → क्ष, छान. पण क + ख = ख + क याचा नियम केलात तर क + ख चं ख + क, त्याचं परत क + ख, हे कधी थांबतच नाही. म्हणून असली समीकरणं नियमांतून काढून बाजूला ठेवतात (बहुतेक इथेच 'वगळून' सुचलं असणार), पण बाजूला ठेवली म्हणजे टाकली नाहीत हं, नियम लावताना सारखी तीच वापरायची असतात. क + (ख + (−क)) वर क्ष + (−क्ष) → ० हा नियम नुसता बघून कुठेच लागत नाही, क्रमनिरपेक्षता (वरचं क + ख = ख + क) आणि साहचर्य (कंस कुठेही टाका, बेरीज तीच) धरलं की लगेच लागतो आणि शेवटी ख उरतो. चार वेगवेगळ्या पदांची बेरीज क्रम आणि कंस बदलून १२० प्रकारे लिहिता येते, इथे ते १२० प्रकार म्हणजे एकच पद.

'समीकरणनिरपेक्ष' करायचा मोह होतो, पण 'क्रमनिरपेक्ष'मध्ये क्रम बघायचा नसतो आणि इथे समीकरणं बघायचीच असतात, म्हणजे तेही बाद. 'समीकरणसापेक्ष' अर्थाने बरंय, फक्त 'रिलेटिव्ह टर्मिनेशन' (काही नियम दुसऱ्या नियमांच्या सोबतीने चालवले तरी ते लागायचे कधीतरी थांबतात का, हा प्रश्न) नावाची वेगळी भानगड याच विषयात आहे, 'सापेक्ष' तिच्यासाठी लागेल. मी 'समीकरणं धरून पुनर्लेखन' म्हणेन, आपण 'हे धरून चाला' म्हणतो तसं. 'पुनर्लेखन' वाचून लेखाचा दुसरा खर्डा आठवतो खरा, पण तो शब्द आता रुळलाय.

'धरून'चा अजून एक फायदा. यात दोन प्रकार आहेत, एकात अख्खं पद समीकरणांनी हवं तसं फिरवून मग नियम लावायचा, दुसऱ्यात पदाचा जो तुकडा नियमाशी जुळवतोय तेवढ्यापुरतीच समीकरणं वापरायची. पहिल्याला 'पूर्ण पदावर समीकरणं धरून', दुसऱ्याला 'जुळवताना समीकरणं धरून', 'वगळून' घेऊन हा फरक सांगून दाखवा बरं!