सातपूरला नोकरी आहे. रात्री अंथरुणावर पडलं की विचारचक्र सुरू होतं, ते कसं थांबवू?

विचार थांबवायची धडपड सोडा आणि काळजी करायला दिवसातली एक वेळ ठरवून द्या: सातपूरहून घरी आल्यावर, समजा साडेसात ते आठ, रोज एकाच खुर्चीत, पण अंथरुणात कधीच नाही. दिवसभरात ‘कामावरून कमी केलं तर?’, ‘हप्ता कसा भरू?’ असं मनात आलं की वहीत एक ओळ लिहा, ‘हे साडेसातला बघू’ म्हणा आणि हातातल्या कामाकडे वळा. वेळ झाली की वही उघडा. काही ओळी तोवर शिळ्या वाटतील, त्या खोडा. उरलेल्यांपुढे उद्या करता येईल अशी एकच लहान गोष्ट लिहा; बँकेत चौकशी करणं, एवढीसुद्धा पुरते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस बोरकोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली रोज अर्ध्या तासाची ही पद्धत मांडली. दाबलेला विचार उलट जास्त उसळतो, आणि अंथरूण हीच काळजीची जागा झाली की पाठ टेकताच मन तिथेच जातं. पहिले चार-पाच दिवस जमणार नाही, तरी सोडू नका. मात्र दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वहीवर विसंबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तासांत केव्हाही मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर आजच लावा.